लॉक रिंगच्या समोर कोण बसतं?

जुन्या पिकअपचं किंवा ट्रकचं दोन-तीन तुकड्यांचं चाक माणसाचा जीव घेतं, तेव्हा गाडी बहुतेक वेळा धावत नसते. ती जॅकवर उभी असते, चाक काढून दुकानापुढच्या मातीत आडवं टाकलेलं असतं, कंप्रेसर चालू असतो आणि व्हॉल्व्हला नळी लावून कोणीतरी त्यावर वाकलेलं असतं. गाडीचा मालक त्या वेळी बाजूच्या टपरीवर चहा घेत असतो. म्हणून अशी चाकं ठेवायची की बदलायची हा प्रश्न मालकाच्या हौसेपुरता उरत नाही. निर्णय मालकाचा असतो आणि धोका हवा भरणाऱ्या पोऱ्याचा.

नगर जिल्ह्याशी हा विषय दोन बाजूंनी जोडलेला आहे. एक बाजू लष्कराची. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं तरी चिलखती दलाचं शहर ही नगरची ओळख कायम आहे. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल १९४८ पासून इथे आहे, १९९४ मध्ये इथेच कॅव्हलरी टँक म्युझियम सुरू झालं आणि संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्थाही नगरलाच आहे. अशा गावात जुन्या लष्करी गाड्यांची माहिती आणि ओढ दोन्ही असणारच. लिलावातून सुटलेल्या जीप, त्यांचे सुटे भाग आणि ते ओळखणारे मिस्त्री या भागात नवे नाहीत.

दुसरी बाजू उसाची. १९५० च्या अखेरीस लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं आणि पुढच्या काही दशकांत कोपरगाव, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर असा साखरेचा पट्टाच तयार झाला. हंगामात रस्त्यावर उसाचे ट्रक दिसतात, ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. त्या ट्रॉल्यांखाली वाकून पाहावं. कित्येकींना मोडीत निघालेल्या ट्रकची चाकं असतात. इंजिन भंगारात जातं, केबिन जाते, पण रिम मरत नाही; ती दुसऱ्या वाहनाखाली जाऊन पुन्हा ओझं वाहू लागते. तिचं वय कोणी विचारत नाही.

मुळात रिमचे तुकडे का केले? टायरच्या आतल्या कडेला बीड म्हणतात. तिच्यात पोलादी तारांचं कडं असतं आणि ते ताणलं जात नाही. रिमची बाहेरची किनार या कड्यापेक्षा मोठी असावीच लागते, नाहीतर टायर रिमवर टिकणार नाही. मग लहान कडं मोठ्या किनारीवरून आत जाणार कसं? मोटारीच्या रिमला मधोमध खोलगट भाग असतो. बीडची एक बाजू त्या खोलगटात ढकलली की समोरची बाजू टॉमीने किनारीवरून ओढून घेता येते. त्यासाठी टायर थोडा तरी वाकायला हवा. ट्रकचे जुने, अनेक पदरी, जाडजूड टायर असे वाकत नसत. तेव्हा टायर वाकवण्याऐवजी रिमची एक किनारच सुटी करण्याची युक्ती निघाली. सपाट रिमवर टायर सरकवायचा, वर सुटी किनार ठेवायची आणि ती निसटू नये म्हणून एका जागी कापलेली लॉक रिंग, बांगडी उघडावी तशी किंचित उघडून, रिमच्या खाचेत बसवायची. आत ट्यूब आणि ट्यूबखाली फ्लॅप. घण आणि दोन टॉम्या असल्या की कुठल्याही फाट्यावर पंक्चर निघू लागलं. खेडोपाडी मालवाहतूक पोहोचली त्यात या साध्या युक्तीचा मोठा वाटा आहे आणि तिचं श्रेय तिला द्यायला हवं.

मात्र स्प्लिट रिम या एका नावाखाली तीन निरनिराळ्या रचना येतात आणि गोंधळ तिथेच होतो. पहिली ही लॉक रिंगची. कधी किनार आणि लॉक रिंग वेगवेगळ्या असतात, कधी एकच रिंग दोन्ही कामं करते. दुसरी म्हणजे दोन अर्ध्या थाळ्या समोरासमोर ठेवून नटबोल्टांनी आवळलेली रिम. महायुद्धातल्या विलिस जीपला आणि डॉजच्या पाऊण टनी लष्करी पिकअपला ही रिम होती. गोळी लागून हवा गेली तरी टायर रिमवरून निघू नये, म्हणून तिच्या आत बीडला दाबून धरणारं कडंही बसवत. तिसरी रचना अमेरिकेत पिकअप आणि मध्यम ट्रकांना लागली. फायरस्टोनच्या आरएच-५ रिमचे दोन भाग चाकाच्या मधोमध, टायरच्या पोटात, एकमेकांत अडकतात. सांधा नीट बसला की नाही हे हवा भरल्यावर बाहेरून दिसत नाही आणि गंज नेमका तिथेच धरतो. तिथले मेकॅनिक या रिमेला बायका विधवा करणारी म्हणत. पुढे तेच नाव सरसकट सगळ्या तुकड्यांच्या चाकांना चिकटलं. माझं मत स्पष्ट आहे: आरएच-५ जातीची रिम सापडली तर तिच्यात पुन्हा हवा भरूच नये. ती चांगल्या स्थितीत आहे की वाईट, हा विचारही करू नये.

लॉक रिंगचं वागणं समजून घेण्यासारखं आहे. तिला बोल्ट नसतो, वेल्डिंग नसतं. ती खाचेत पूर्ण बसली असेल तर आतली हवा टायरला बाहेर रेटते, टायर किनारीला रेटतो, किनार रिंगवर टेकते आणि रिंग खाचेत आणखी घट्ट होते. म्हणजे हवाच कुलूप लावते. पण रिंगचं एक टोक खाचेच्या काठावर राहिलं असेल, खाचेत गंजाची पापुद्री असेल किंवा रिंग दुसऱ्याच बनावटीच्या रिमची असेल, तर तोच दाब तिला बाहेर ढकलत राहतो. दहा पौंडाला ती गप्प असते, चाळीसला गप्प असते, सत्तरला एखादा आवाज येतो. माणूस पाहायला खाली वाकतो आणि त्याच क्षणी ती सुटते.

सुटते म्हणजे किती जोरात? टायरच्या दुकानात दाब पौंडात सांगतात, म्हणजे दर चौरस इंचावर तेवढे पौंड. आकडा छोटा वाटतो, कारण क्षेत्रफळ आपल्या लक्षात येत नाही. ट्रकच्या १०.००-२० टायरात १०० पौंड हवा असेल तर टायरची एक बाजू रिमच्या किनारीला एकूण १८ ते २० टन बळाने बाहेर ढकलत असते. पिकअपच्या ७.५०-१६ टायरात ४५ पौंड असेल तर हे बळ ५ टनांच्या आसपास येतं. जीपच्या ६.००-१६ टायरात ३० पौंडालाही ते अडीच टन भरतं. हवा पाण्यासारखी नसते. पाणी दाबलं आणि वाट मिळाली तर थोडंसं बाहेर येऊन दाब संपतो. दाबलेली हवा फुगत जाते आणि फुगताना रिंगला ढकलत राहते. ट्रकच्या एका टायरातल्या हवेत एक टन वजन दोन मजले उंच उचलण्याइतकी ऊर्जा साठलेली असते. ती सगळी क्षणार्धात दोन-चार किलोच्या पोलादी रिंगला मिळाली तर मधे आलेला हात, जबडा, कवटी काहीच टिकत नाही.

रस्त्याकडेच्या दुकानांत यावर काही उपाय ठरून गेले आहेत. रिंगची बाजू जमिनीकडे करून हवा भरतात, चाक ट्रकच्या चेसिसखाली सरकवतात, रिमच्या भोकांतून साखळी किंवा टॉमी आडवी घालतात. यामागे अनुभव आहे हे खरं, पण यातला एकही उपाय पुरेसा नाही. रिंग खाली असली तर उडतं ते अख्खं चाक. साखळीला तो झटका सोसवेलच असं नाही, आणि टॉमी तर स्वतःच भाल्यासारखी सुटते. खरा उपाय म्हणजे जाड नळ्यांचा पोलादी पिंजरा. चाक त्यात उभं करायचं, व्हॉल्व्हला पकडून बसणारी नळी लावायची, दाबमापक नळीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा आणि माणसाने चाकाच्या तोंडासमोरून बाजूला उभं राहायचं. अमेरिकेत १९८० साली कामगार सुरक्षेच्या नियमांत तुकड्यांच्या चाकांसाठी हा पिंजरा सक्तीचा झाला. त्याच नियमांनी तडा गेलेल्या, वाकलेल्या, खड्डे पडलेल्या रिमचे भाग वेल्ड करून किंवा तापवून वापरायला बंदी केली आणि एका बनावटीची रिंग दुसऱ्या बनावटीच्या रिमवर बसवायलाही बंदी केली. १९८४ मध्ये एका तुकड्याच्या मोठ्या चाकांनाही नियम लागू झाले, कारण त्यांचेही टायर बीडची तार तुटून फुटतात. अखंड रिम म्हणजे पूर्ण निर्धोक असं म्हणता येत नाही. तिच्यातला एक मोठा धोका काढून टाकलेला आहे, इतकंच.

जीपच्या दोन थाळ्यांच्या रिमेचा धोका वेगळा आहे. तिच्यावर नटांची दोन वर्तुळं असतात. आतल्या वर्तुळाचे नट चाकाला हबवर धरतात, बाहेरच्या वर्तुळाचे नट दोन थाळ्यांना एकत्र धरतात. टायरात हवा असताना बाहेरचे नट सोडले तर थाळ्या उसळून सुटतात. नवख्या माणसाच्या हातून ही चूक सहज होते. त्यात आणखी एक खोच आहे: या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेने पाना फिरवून नट सुटत नाही, उलट आवळला जातो. जोर करून थकलेल्या माणसाला दुसरे नट सोडून पाहण्याचा मोह होतो. ब्रिटिश सैन्यात यासाठी एक सोपी पद्धत होती. थाळ्या जोडणारे नट लाल रंगवायचे आणि लाल नटाला हवा असताना पाना लावायचा नाही. कोणाकडे अशी जीप असेल तर आजच लाल रंगाचा छोटा डबा आणावा. खर्च नगण्य आहे आणि उपयोग पहिल्या दिवसापासून.

आता बदलण्याकडे येऊ. जुन्या गाडीच्या मालकाला सर्वांत जास्त टोचतं ते हे की चाक बदललं तर गाडी मूळ राहणार नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला व्हीए अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचं ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठी काढता येते. नियमाला गाडी मूळ रूपात हवी आहे, आणि मोठा फेरफार म्हणून त्यात चेसिस, बॉडी आणि इंजिन यांची नावं आहेत. चाकाच्या रिमेचं नाव त्यात नाही. नोंदणीपूर्वी नगरच्या किंवा श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात विचारून घेणं केव्हाही बरं, पण मूळपणाच्या नावाखाली गंजलेली रिंग सांभाळायची गरज नाही हे नक्की.

रिम निवडताना पहिलं माप म्हणजे स्टडचं वर्तुळ. विलिस जीपला पाच स्टड साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. महिंद्राने मुंबईत याच जीपची जुळणी सुरू केली आणि हे माप त्यांच्या पुढच्या जीपमध्येही राहिलं. मारुती जिप्सीलाही तेच आहे. त्यामुळे जीपवाल्याला १६ इंची अखंड रिम शोधायला लांब जावं लागत नाही. डॉजचं वर्तुळ मोठं आहे आणि त्याची रिम सहज मिळत नाही. तेव्हा जुन्या हबला बसणारी डिस्क आणि नवी अखंड किनार जोडून चाक बनवून घेण्याचा मार्ग लोक सुचवतात. हे काम फक्त चाकंच बनवणाऱ्या आणि जोड तपासून देणाऱ्या कारखान्यात व्हावं. ट्रॉली जोडणाऱ्या वेल्डरकडे कितीही हातोटी असली तरी हे त्याचं काम नाही.

वर्तुळ जुळलं म्हणजे चाक जुळलं असं होत नाही. मधल्या भोकात हब बसायला हवा. रिम ड्रमला किंवा स्टीयरिंगच्या टाय रॉडला घासता कामा नये. म्हणून पुढचं चाक दोन्ही टोकांना पूर्ण वळवून पाहावं. रिमची मधली डिस्क आतल्या बाजूला किती सरकलेली आहे यावर हबच्या बेअरिंगवरचा ताण ठरतो. चाकं बाहेर काढून गाडी रुंद दिसते, पण सत्तर वर्षं जुन्या बेअरिंगला आणि किंगपिनला ते सोसत नाही. नटाचा आकार पाहावा: काहींचा टेकणारा भाग शंकूसारखा तिरका असतो, काहींचा गोलाकार, काहींचा सपाट, आणि रिमच्या भोकाचा काठ त्याच आकाराचा हवा. आकार चुकला तर नट आवळलेला वाटतो आणि शंभर किलोमीटरवर ढिला होतो. नवं चाक लावल्यावर थोडं अंतर चालवून नट पुन्हा आवळावेत. आणि रिमवर उमटवलेली भारक्षमता वाचावी. पिकअप रिकामी सुंदर दिसते, पण दिवाळीनंतर तिच्यात कांद्याच्या गोण्या पडणार असतील तर रिमची निवड त्या गोण्यांसाठी करायची.

टायरच्या बाबतीत नगरसारख्या जिल्ह्यात एक खास सापळा आहे. ६.००-१६ आणि ७.५०-१६ हे जुन्या जीप-पिकअपचे आकार, आणि तेच आकार ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरांचेही. ते तालुक्याच्या गावी कुठेही मिळतात आणि रिमवर बरोबर बसतातही. पण ट्रॅक्टरचा तो टायर ताशी ३० किंवा ४० किलोमीटरसाठी बनवलेला असतो. पुणे रस्त्यावर साठच्या वेगाने तो तापतो आणि पदर सोडतो. बाजूवरचं वेगाचं अक्षर वाचावं; ए-६ किंवा ए-८ दिसलं तर तो टायर शेतातच बरा. अमेरिकेतून आलेली गाडी असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. तिथे एके काळी साडेसोळा इंची रिमा होत्या. १६ इंची टायर तिच्यावर चढवला तर बसल्यासारखा वाटतो, पण बीड जागेवर येत नाही आणि हवा वाढवत नेली की तार तुटून फुटतो. तसंच, लॉक रिंगच्या रिमवर ट्यूबलेस टायर चालत नाही. सांध्यांतून हवा निघते. ट्यूब आणि फ्लॅप दोन्ही लागतातच.

मोठ्या ट्रकांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांच्यात २२.५ इंची अखंड रिम आणि ट्यूबलेस टायर आता सर्रास दिसतात, पण २० इंची ट्यूबवाले टायर आणि त्यांच्या तीन तुकड्यांच्या रिमाही देशभर चालू आहेत. चांगल्या स्थितीतली, एकाच संचातली, खाच स्वच्छ असलेली अशी रिम पिंजऱ्यात हाताळली तर काम करते. म्हणून ट्रकवाल्यांना मी लगेच सगळं फेकायला सांगणार नाही. पिंजरा घ्यायला मात्र नक्की सांगेन. हंगामात दिवसाला कितीतरी चाकं उघडणाऱ्या कारखान्याच्या वाहनतळावर पिंजरा नसणं याला कुठलंच समर्थन नाही. पिकअपची गोष्ट वेगळी आहे. तिला अखंड रिमेचा पर्याय उपलब्ध आहे आणि खर्च एका चांगल्या टायरच्या जोडीइतका येतो. तिथे जुनी रिंग ठेवण्याचं कारण मला सापडत नाही.

नवी चाकं लावण्याआधी जुनी उघडावी लागतातच, आणि सगळ्यांत जास्त धोका याच वेळी असतो. चाक गाडीवर असतानाच, एकही नट सोडण्याआधी, व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढून हवा सोडावी. मागे जोडचाकं असतील तर दोन्ही टायरांची सोडावी. पिन काढल्यावर व्हॉल्व्हमधून बारीक तार घालून पाहावी, कारण चिखलाने किंवा गंजाने तोंड बुजलं असेल तर हवा संपल्याचा भास होतो. वर्षानुवर्षं शेडमध्ये अर्ध्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीत थेट हवा भरून तिला दुकानापर्यंत नेण्याचा बेत कधीही करू नये. ती रिंग आतून काय झाली आहे हे कोणालाच माहीत नसतं. तशी गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी. दाब असताना रिंगवर घण मारू नये, मग ती कितीही तिरकी दिसो. आणि टायर चढवलेल्या रिमवर गॅस किंवा वेल्डिंग लावू नये, हवा काढलेली असली तरीही. आतलं रबर तापून वायू सोडतं, तो वायू पेट घेतो आणि टायर बाँबसारखा फुटतो. नट अडकला म्हणून त्यावर गॅसची ज्योत धरण्याची सवय आपल्याकडे फार आहे, म्हणून हे वेगळं सांगितलं.

नवी चाकं लागली की जुन्या रिमांचं काय करायचं तेही त्याच दिवशी ठरवावं. आठवण म्हणून ठेवायच्या असतील तर टायर उतरवून, रिंग आणि रिम वेगवेगळ्या भिंतीवर टांगाव्यात. विकायच्या असतील तर भंगारवाल्याच्या हाती अखंड देऊ नयेत. टायर काढलेली रिम गॅस कटरने दोन जागी कापावी, लॉक रिंगचेही दोन तुकडे करावेत आणि मगच वजन करून द्यावं. एका अखंड रिमेला भंगाराच्या दरापेक्षा चार पैसे जास्त मिळतात, कारण ती पुढच्या गळिताला एखाद्या ट्रॉलीखाली जाणार असते.